जुना लेखक परत येतोय म्हणून घाबरायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आवडत्या नायिकेची मालिका पुन्हा त्याच लेखकाकडे जातेय, ज्याने ती एके काळी नावारूपाला आणली. मधल्या वर्षांत इतरांनी तिला वाढवलं, नवी नाती दिली, गटाचं नेतृत्व दिलं. आता हा परत आला की ते सगळं पुसलं जाईल का? घोषणा झाल्यापासून तुम्हाला वाटणारी धास्ती रास्त आहे की उगाच? नायिकेचं नाव तुम्ही घेतलेलं नाही. बरंच झालं, कारण नाव आलं की उत्तर त्या एका पात्राच्या भांडणातच अडकतं.

कॉमिक्सच्या संहिता संपादित करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यांत परतलेल्या लेखकांच्या संहिताही होत्या. त्यावरून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. धास्ती रास्त आहे, पण बहुतेक चाहते ती भलत्याच गोष्टीबद्दल बाळगतात. ते विचारतात, ‘याला हे पात्र अजून कळतं का?’ कळतं की. त्याच्याइतकं ते कदाचित कुणालाच कळत नसेल. अडचण वेगळीच असते. आपण शेवटचं पान जिथे लिहिलं तिथेच ते पात्र आपली वाट बघत उभं आहे, असं परतणाऱ्या लेखकाला मनातून वाटत असतं. वाचकासाठी मात्र त्या पानानंतर शंभर-दोनशे अंक होऊन गेलेले असतात. म्हणून विचारायचं ते हे, की मधल्या लोकांनी जे लिहून ठेवलंय त्याचं हा काय करणार?

त्याआधी एक सोपी गोष्ट तपासा, कारण अर्धी भीती तिथेच विरते. ही नवी मालिका घडते कधी? अलीकडे मार्व्हलने जुन्या लेखकांना बोलवायची एक पद्धतच पाडली आहे. लेखक जुना, आणि कथेचा काळही जुनाच. पीटर डेव्हिड यांची २०१९ मधली ‘सिंबियोट स्पायडर-मॅन’ स्पायडर-मॅनच्या काळ्या पोशाखाच्या दिवसांत घडते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स-मेन लेजंड्स’मध्ये जुन्या लेखकांनी आपापल्या काळातल्या फटी भरल्या. ख्रिस क्लेअरमाँट यांची २०२२ मधली ‘गॅम्बिट’ही तशीच, मागच्या काळात बसवलेली. अशा मालिकेत तुमच्या नायिकेची आजची स्थिती बिघडवायची सोयच नसते, कारण पुढे काय होणार ते छापून झालेलं असतं. वाईट झालीच तर एक कंटाळवाणी मालिका होईल, त्यापलीकडे काही नाही. दुसरा मार्ग समांतर काळाचा. क्लेअरमाँट यांनी १९९१ मध्ये एक्स-मेन जिथे सोडलं, तिथून पुढची त्यांच्या मनातली कथा त्यांना २००९ मध्ये ‘एक्स-मेन फॉरेव्हर’ या नावाने लिहायला मिळाली. मूळ मालिकेला धक्का नाही. तुमच्या बाबतीत यांपैकी काही असेल तर निवांत झोपा. चालू मालिकेचाच ताबा दिला जात असेल तर पुढे वाचा.

चालू मालिकेचा ताबा परत मिळाल्यावर काय होतं, याचा सगळ्यात मोठा धडा पुन्हा क्लेअरमाँट यांचाच आहे. १९७५ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, एक्स-मेन म्हणजे क्लेअरमाँट असं समीकरण होतं. स्टॉर्म, वुल्व्हरिन, नाइटक्रॉलर यांना आज आपण ज्या स्वभावांसाठी ओळखतो, त्यांतला बराचसा भाग त्यांच्या हातचा. किटी प्राइड आणि रोग या नायिका तर त्यांच्याच काळात जन्मल्या. १९९१ मध्ये नव्या ‘एक्स-मेन’ मालिकेचा पहिला अंक ऐंशी लाखांहून जास्त खपला आणि तिसऱ्या अंकानंतर ते बाहेर पडले. २००० मध्ये त्यांना परत बोलावलं आणि दोन्ही मुख्य मालिका त्यांच्या हाती दिल्या. आधीच्या अंकानंतर कथा थेट सहा महिने पुढे ढकलली होती. पात्रांचे पोशाख बदललेले, काहींच्या शक्ती बदललेल्या, मधल्या सहा महिन्यांत काय झालं त्याचा नीट पत्ता नाही, आणि समोर ‘निओ’ नावाचे कुणी नवेच शत्रू. योगायोग बघा, त्याच वर्षी जुलैमध्ये एक्स-मेनचा पहिला चित्रपट आला. चित्रपट पाहून दुकानात शिरलेल्या नव्या माणसाने अंक उघडला तर त्याला काही समजेना, आणि जुना वाचकही गोंधळलेला. २००१ मध्ये मुख्य मालिका ग्रँट मॉरिसन यांच्याकडे गेली आणि क्लेअरमाँट यांच्यासाठी ‘एक्स-ट्रीम एक्स-मेन’ ही वेगळी मालिका निघाली.

चाहत्यांनी तेव्हा काढलेला निष्कर्ष असा, की माणूस संपला. मला तो पटत नाही. त्या अंकांत कल्पनांची वानवा नव्हती, उलट गर्दीच होती. वानवा होती ती दुव्याची. सहा महिन्यांची उडी का मारतात? मधल्या लोकांनी जमवलेला पसारा आवरत बसायला नको म्हणून. परतणाऱ्या लेखकाला ती उडी फार सोयीची वाटते. आपल्या पाटीवर कुणी दुसऱ्याने लिहून ठेवलंय, तर पुसून पुन्हा सुरुवात. पण वाचकाने त्या पसाऱ्यावर वर्षानुवर्षं पैसे आणि जीव लावलेला असतो, त्याला ती उडी अपमानासारखी लागते. तुमच्या मालिकेच्या पहिल्या अंकावर ‘काही महिन्यांनंतर’ अशी चौकट दिसली तर लगेच हताश होऊ नका, पण कान टवकारा.

आता एक गोष्ट जी चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच येते आणि संपादकाच्या टेबलावर रोज येते, ती म्हणजे लेखनाचं तंत्र जुनं होणं. ‘ती असं बोलणारच नाही’ ही जी तक्रार असते ना, तिच्यामागे पुष्कळदा स्वभावाची चूक नसते, तंत्राचा काळ निराळा असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॉमिक महिन्याला एक अंक अशा हिशोबाने, सुटं वाचलं जायचं. प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला अंक असतो, हा संपादकांचा दंडक होता. मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर त्याबद्दल फार काटेकोर होते. त्यामुळे दर अंकात प्रत्येकाने आपलं नाव, आपली शक्ती, आपलं दुःख एकदा बोलून दाखवायचं. वुल्व्हरिनचं ‘मी जे करतो त्यात माझ्या तोडीचा कुणी नाही’ हे पालुपद त्याच शाळेतलं. विचारांचे ढगासारखे फुगे, निवेदकाच्या लांबलचक चौकटी, मारामारी चालू असताना तीन-तीन वाक्यांचे संवाद, हे सगळं त्या गरजेतून आलं. त्यात भर अशी, की मार्व्हलमध्ये बहुधा आधी कथेचा आराखडा चित्रकाराकडे जायचा, तो पानं रेखाटायचा आणि लेखक नंतर त्यावर संवाद भरायचा. चित्रात राहून गेलेलं शब्दांनी सांगायची सवय तिथूनच लागते.

२००० नंतर विचारांचे फुगे जवळजवळ नाहीसे झाले. कथा पाच-सहा अंकांच्या तुकड्यांत, पुढे पुस्तकात एकत्र छापायच्या हिशोबाने लिहिल्या जाऊ लागल्या. एका पानावर चौकटी कमी, शब्द कमी. आता वीस वर्षांनी परतलेला लेखक आपल्या जुन्या हाताने लिहितो तेव्हा नायिका अचानक बडबडी वाटते, स्वतःचीच ओळख करून देत सुटते. वाचक म्हणतो, हिला मूर्ख करून टाकलं. मूर्ख नाही केलेलं, फक्त जुन्या पद्धतीने बोलतं केलंय. हा दोष चांगला संपादक दुरुस्त करू शकतो, फुगे कापून. चांगला चित्रकारही करू शकतो, कारण चेहऱ्यावर दिसतंय ते शब्दांत सांगायची गरज त्याने उरू दिली नाही तर लेखकही आपोआप गप्प होतो. म्हणून घोषणा वाचताना लेखकाच्या नावाखाली चित्रकाराचं आणि संपादकाचं नाव आहे, तेही वाचत जा. क्लेअरमाँट यांच्या सुवर्णकाळाची चर्चा करताना डेव्ह कॉकरम, जॉन बर्न, पॉल स्मिथ ही नावं आपण विसरतो. परत येतो तो एकटा लेखक. त्याच्याबरोबरची जोडी बहुतेक वेळा परत येत नाही.

चांगलं पुनरागमन कसं दिसतं? माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण फ्रँक मिलर आणि डेअरडेव्हिलचं. मिलर १९७९ मध्ये चित्रकार म्हणून आले, १९८१ च्या अंक १६८ पासून लेखनही त्यांच्याकडे आलं. त्याच अंकात इलेक्ट्रा, नायकाची जुनी प्रेयसी, आली, आणि १९८२ मध्ये अंक १८१ मध्ये मारलीही गेली. १९८३ मध्ये मिलर यांनी मालिका सोडली. पुढची बरीचशी धुरा डेनिस ओ’नील यांनी वाहिली. १९८६ मध्ये मिलर परतले ते डेव्हिड मॅझुकेली यांच्या चित्रांसह, अंक २२७ ते २३३ मध्ये, ‘बॉर्न अगेन’ ही कथा घेऊन. आता विचार करा, त्या वेळी चाहत्यांना काय हवं असणार? इलेक्ट्रा. मिलर यांनी तिला या कथेत परत आणलंच नाही. त्यांनी उचललं कॅरन पेजला, जी त्यांची नव्हतीच. ती १९६४ च्या पहिल्या अंकापासूनची, स्टॅन ली यांच्या काळातली साधीसुधी सेक्रेटरी, मालिकेतून केव्हाच बाहेर गेलेली. ती आता व्यसनात बुडालेली आहे आणि एका डोससाठी डेअरडेव्हिलचं खरं नाव विकते. ते नाव किंगपिन या गुन्हेगारी सम्राटापर्यंत पोचतं आणि तो मॅट मर्डॉकची, म्हणजे डेअरडेव्हिलची, वकिली, घर, अब्रू एकेक करून काढून घेतो. कॅरनवर अन्याय झाला असं म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण कारागिरीच्या बाजूने बघा. लेखक परतला आणि आपली जुनी खेळणी बाहेर काढण्याऐवजी इतरांनी टाकून दिलेलं काहीतरी हाती घेऊन पुढे निघाला. आणि किती थांबला? सात अंक. परतणाऱ्याने किती काळ राहायचं हे आधीच ठरलेलं असलं तर काम बहुधा बरं होतं, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरं उदाहरण कमी गाजलेलं, पण तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं. रॉजर स्टर्न यांनी १९८३ मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या अंक २३८ मध्ये हॉबगॉब्लिन हा मुखवटाधारी खलनायक आणला. मुखवट्यामागे कोण, हे कोडं न उलगडता त्यांनी मालिका सोडली. नंतर १९८७ मध्ये, अंक २८९ मध्ये, दुसऱ्या लेखकांनी उत्तर दिलं: पत्रकार नेड लीड्स, जो तोवर मेलेलाही होता. उत्तर अनेकांना पटलं नाही. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, ‘हॉबगॉब्लिन लिव्हज’ या तीन अंकांच्या मालिकेत स्टर्न यांना संधी मिळाली. ‘ते सगळं खोटं होतं’ असं म्हणून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. खरा हॉबगॉब्लिन रॉडरिक किंग्सली, आणि त्याने नेड लीड्सच्या मनावर ताबा मिळवून त्याला आपल्या जागी उभं केलं होतं, अशी बांधणी केली. म्हणजे मधल्या लेखकांनी छापलेले प्रसंग घडलेच, फक्त त्यांचा अर्थ बदलला. रिटकॉन, म्हणजे छापून झालेल्या कथेत मागाहून केलेला बदल, करायचाच तर असा करावा. जुना अंक कपाटातून काढून पुन्हा वाचला तर तो निकामी वाटू नये, उलट दुसऱ्यांदा वाचायला कारण मिळावं.

याच्या उलट टोकाला जिम स्टारलिन. थानोस हा खलनायक त्यांचा, १९७३ पासून. इतरांनी मधल्या काळात लिहिलेले थानोसचे काही प्रसंग त्यांना मुळीच रुचले नव्हते. २००२ च्या ‘इन्फिनिटी अ‍ॅबिस’मध्ये त्यांनी थानोसने स्वतःच्या प्रतिकृती बनवल्या होत्या असं दाखवून त्यांतले काही प्रसंग त्या प्रतिकृतींच्या खात्यावर टाकले. गमतीदार आहे, आणि निर्मात्याचा राग मला समजतो. पण ज्या वाचकाला ते मधले अंक आवडले होते, त्याच्या हातात काय उरलं? तुम्हाला भीती वाटते ती नेमकी याची, आणि ती भीती काल्पनिक नाही.

कधीकधी मात्र परतणारा लेखक हाच पात्राचा एकमेव वकील असतो. १९८० मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या अंक २०० मध्ये कॅरोल डॅनव्हर्सच्या, म्हणजे तेव्हाच्या मिस मार्व्हलच्या, वाट्याला जे आलं ते आज वाचवत नाही. मार्कस नावाचा माणूस तिच्या मनाशी खेळून तिला आपल्याबरोबर नेतो आणि तिचे सहकारी तिला हसतमुखाने निरोप देतात. क्लेअरमाँट यांनी १९७७ ते १९७९ या काळात तिची स्वतंत्र मालिका लिहिली होती, आणि ती मालिका तोवर बंद पडलेली होती. १९८१ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या दहाव्या वार्षिक अंकात त्यांना जागा मिळाली. त्यात त्यांनी कॅरोललाच त्या सहकाऱ्यांसमोर उभं केलं: तुम्हाला काहीच खटकलं कसं नाही? आधीचा अंक पुसला नाही, घडलेलं घडलं म्हणून मान्य केलं आणि त्याचा जाब विचारला. त्याच अंकात रोग पहिल्यांदा आली, हा आणखी एक फायदा. सतराव्यांदा सांगतो असं वाटेल, पण इथेही तेच: मधल्या कामाशी लेखक भिडला.

आणि ज्याच्या हातून पात्र बिघडलं असं चाहत्यांचं मत आहे, तोच परत येत असेल तर? कॅसँड्रा केनचं २००८ मध्ये तसंच झालं. १९९९ मध्ये आलेली ही बॅटगर्ल लहानपणी भाषेविना वाढवलेली. ती समोरच्याची देहबोली वाचते आणि तिचं अर्धं नाट्य तिच्या न बोलण्यात आहे. २००६ मध्ये ‘रॉबिन’ मालिकेत अ‍ॅडम बीचन यांच्या कथेत ती एकाएकी सफाईदार बोलणारी, मारेकऱ्यांच्या टोळीची म्होरकी म्हणून समोर आली. चाहते भडकले. नंतर दुसऱ्या मालिकेत, डेथस्ट्रोक या खलनायकाने तिला औषध देऊन कह्यात ठेवलं होतं, अशी सारवासारव झाली. मग २००८ मध्ये तिला सहा अंकांची स्वतःची मालिका मिळाली आणि लेखक पुन्हा बीचनच. ज्यांना संताप आला त्यांना मी दोष देत नाही. पण एक लक्षात घ्या, पात्राला खलनायिका करायचं असा निर्णय महिन्याच्या मालिकेत लेखक एकटा अमलात आणू शकत नाही. वर मंजुरी देणारे असतात. त्या मालिकेला तिला पुन्हा नायिकांच्या रांगेत आणण्याचं काम होतं आणि ते तिने केलं, जरा घाईघाईत, जरा यांत्रिकपणे. वर्षभरातच बॅटगर्लचा पोशाख स्टेफनी ब्राउनकडे गेला, त्यामुळे डागडुजीचा कॅसँड्राला फारसा उपयोगही झाला नाही.

स्टेफनीचा विषय निघालाच आहे तर चक डिक्सन यांचं सांगतो. तिचा जन्म १९९२ चा, त्यांच्याच लेखणीतून. ‘रॉबिन’चे पहिले शंभर अंक त्यांनी लिहिले. ते मालिका सोडून गेल्यावर २००४ मध्ये स्टेफनी आधी काही दिवसांची रॉबिन, म्हणजे बॅटमॅनची साथीदार, झाली आणि मग छळ होऊन मारली गेली. त्यावर कडी म्हणजे, डॉक्टर लेस्ली टॉम्पकिन्स यांनी तिला जाणूनबुजून मरू दिलं असं पुढच्या कथेत दाखवलं. बॅटमॅनच्या गुहेत जेसन टॉडचा, आधी मारल्या गेलेल्या रॉबिनचा, पोशाख काचेच्या पेटीत स्मारक म्हणून आहे, मग स्टेफनीचा का नाही, असं विचारत चाहत्यांनी मोहीम चालवली. २००८ मध्ये डिक्सन ‘रॉबिन’वर परतले आणि ती जिवंत असल्याचं उघड झालं, लेस्लीने तिचा मृत्यू रचला होता. एका फटक्यात दोन पात्रं वाचली. त्याच वर्षी डिक्सन डीसीमधून, म्हणजे बॅटमॅनच्या प्रकाशनसंस्थेतून, पुन्हा बाहेर पडले, आणि स्टेफनीला बॅटगर्ल म्हणून खरं उभं केलं ते ब्रायन क्यू. मिलर यांनी. जुन्या लेखकाने दार उघडून दिलं, आत तिला वाढवलं नव्याने. ही वाटणी मला फार योग्य वाटते.

निर्णय कुणाचा असतो हे कळायला या दोघींच्या आधीची बॅटगर्ल, बार्बरा गॉर्डन, हिचं उदाहरण बघा. १९८८ मध्ये ती जोकरच्या गोळीने अपंग झाली. १९८९ पासून ऑरॅकल या नावाने व्हीलचेअरवरून काम करणारी ती, अनेक अपंग वाचकांसाठी कॉमिक्समधला जवळजवळ एकमेव आरसा होती. गेल सिमोन यांनी २००३ ते २००७ ‘बर्ड्स ऑफ प्रे’मध्ये तिला फार ताकदीने लिहिलं आणि २०१० मध्ये त्या मालिकेवर परतल्याही. मग २०११ मध्ये डीसीने सगळं विश्व नव्याने सुरू केलं, बार्बराला पुन्हा पायांवर उभं करून बॅटगर्ल केलं, आणि लेखिका म्हणून सिमोनच. राग त्यांच्यावर निघाला. पण बार्बराने चालायचं की नाही हा प्रश्न प्रकाशनाच्या पातळीवर ठरलेला होता. सिमोन यांच्या हातात एवढंच होतं, की तो हल्ला झाल्याचं विसरायचं की नाही. त्या विसरल्या नाहीत. पहिल्याच अंकात तिच्यावर बंदूक रोखली जाते आणि ती गोठून उभी राहते. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांना मालिकेवरून काढलं गेलं आणि चाहत्यांच्या ओरडीनंतर त्याच महिन्यात परत घेतलं गेलं. एका वर्षापूर्वी ज्यांच्यावर राग होता, त्यांच्यासाठीच आता लोक भांडत होते.

एक प्रकार आणखी आहे, तो लवकर ओळखता यावा म्हणून सांगतो. कधी लेखक स्वतःच्या लेखनाच्याही मागे जातो. जेफ जॉन्स यांनी २००० ते २००५ ‘फ्लॅश’ लिहिला, वॉली वेस्ट त्या पोशाखात असतानाचा, आणि छान लिहिला. २००९ मध्ये ते फ्लॅशवर परतले ते ‘रीबर्थ’ घेऊन, बॅरी अ‍ॅलनला केंद्रस्थानी ठेवून. हा तोच वॉलीच्या आधीचा फ्लॅश, ज्याने १९८५ मध्ये बलिदान दिलं होतं. वॉलीसोबत वीस-बावीस वर्षं मोठे झालेल्यांना आपला नायक बाजूला सारला जातोय हे दिसत होतं, आणि २०११ च्या नव्या मांडणीत तर तो गायबच झाला, २०१६ पर्यंत. इथे चाहत्यांची धास्ती शंभर टक्के खरी ठरली. घोषणेत ‘मूळ’, ‘अभिजात’, ‘परत पायाकडे’ असले शब्द असतील तर ते कुठल्या मूळाबद्दल बोलतायत ते विचारा.

वेळेचं गणितही ठाऊक असू द्या. अमेरिकी मासिक अंकांची यादी दुकानदारांकडे साधारण तीन महिने आधी जाते, संहिता त्याही आधी लिहिल्या जातात. घोषणा तुमच्या कानावर येते तोवर पहिले दोन-तीन अंक बहुधा लिहून झालेले असतात. म्हणजे घोषणेच्या दिवशीच्या आरडाओरड्याने पहिल्या कथानकात काहीही बदलत नाही. आकडे मात्र बदलतात. दुकानदार बहुतांश माल परत न करण्याच्या अटीवर घेतो, त्यामुळे आगाऊ मागणी पडली तर तो मागवतच नाही, आणि मालिका सहा अंकांत आटोपते. मार्क वेड २००७ मध्ये फ्लॅशवर परतले, वॉली आणि त्याच्या दोन मुलांची कथा घेऊन, आणि मुख्य मालिकेत अंक २३१ ते २३६ एवढंच टिकले. नावडत्या लेखकाला धडा शिकवायला म्हणून तुम्ही आपल्याच नायिकेची मालिका बंद पाडाल. प्रकाशक त्यातून ‘लेखक चुकला’ असं क्वचितच वाचतो, ‘हे पात्र खपत नाही’ असंच वाचतो.

पहिला अंक हातात आला की मी काय बघेन? नायिकेकडे नंतर, आधी तिच्या आजूबाजूला. मधल्या लेखकांनी दिलेली माणसं आहेत का? मैत्रीण, जोडीदार, शिष्या, शत्रू यांपैकी कुणाचा साधा उल्लेख तरी? नसतील, तर त्यांच्या नसण्याचं कारण कुणी बोलून दाखवतं का? मग बघेन की तिला चुका कोणत्या करायला लावल्यात. मोठ्या झालेल्या पात्राने केलेली चूक मोठ्याचीच असते. किटी प्राइड १९८० मध्ये आली तेव्हा साडेतेरा वर्षांची होती, २०१७ मध्ये ती एक्स-मेनची प्रमुख होती. प्रमुखाला चुकायला भरपूर जागा असते, पण ती तेरा वर्षांच्या मुलीसारखी चुकली तर लेखकाने मधलं वाचलेलं नाही. तिसरं, लेखकाच्या जुन्या लकबी, पालुपदं, आवडते खलनायक किती दाटीने आलेत? एखादं आलं तर ओळखीचं हसू, पहिल्या वीस पानांत चार आले तर तो स्वतःचाच सत्कार करतोय. पहिल्या अंकात थोडी दाटी मी माफ करतो, घाबरलेला माणूस ओळखीचं धरून चालतो. तिसऱ्या अंकातही तेच असेल तर मात्र नाही.

तिसऱ्या अंकानंतर लिहायचं असेल तर संपादकाला लिहा. ‘पात्राचा सत्यानाश केला’ हे पत्र टेबलावर पडून राहतं. ‘अमुक अंकात तिने तमुकला वचन दिलं होतं, ते इथे मोडलंय आणि कुणालाच त्याचं काही नाही, हे ठरवून की नजरचुकीने?’ हे पत्र संहितेच्या फाइलला जोडलं जातं. अशी पत्रं मी लेखकांपुढे ठेवलेली आहेत. काही चिडले, काहींनी तो जुना अंक मागून घेतला, आणि दोन-तीन महिन्यांनी त्या वचनाचा कुठेतरी उल्लेख आला.